निळा ॲप्रन

वहिनी — घे गं, दोन घोट तरी घे. सकाळपासून बघतेय, पोटात काही नाही तुझ्या.

नणंद — नको वहिनी. खरंच नको.

वहिनी — दूध जास्त घातलंय. तुला आवडतो तसा केलाय.

नणंद — ठेवा तिथे. घेते नंतर.

वहिनी — नंतर काय, गार पाणी होईल त्याचं. डॉक्टर जेवायला घरी गेलेत, बाहेर बाकावर चिटपाखरू नाही, तुझं ते एक्स-रेचं मशीनसुद्धा जरा गप्प बसलंय. आत्ता नाही प्यायचा तर कधी? बिस्कीट देऊ?

नणंद — वहिनी, आजारपणानंतरचा आज तुमचा पहिला दिवस आहे. एवढं अंथरुणातून उठून कामावर आलात, तुम्ही बसा. माझी उठाठेव नका करू.

वहिनी — बसून बसून वीट आला बाई. आणि निजून तरी किती निजायचं? छताचे पोपडे पाठ झालेत माझे. ते जाऊ दे. ॲप्रन कुठे ठेवलेस? खुंटीवर तपकिरी एकटाच लटकतोय, निळा दिसत नाही.

नणंद — आत आहे. काचेपाशी.

वहिनी — काचेपाशी? म्हणजे बटणाच्या खोलीत?

नणंद — हो.

वहिनी — तिथे कशाला लागतो गं ॲप्रन? पहिल्या दिवशी तूच शिकवलंस मला. 'वहिनी, या काचेत शिसं आहे, भिंतीत शिसं आहे, इथे उभं राहिलं की आपल्या घरात उभं राहिल्यासारखं. ॲप्रन फक्त आत जाणाऱ्याला, पेशंटला धरणाऱ्याला.' असंच म्हणाली होतीस ना? की मी विसरले?

नणंद — ए.सी. लागतो मला. पाठ धरते.

वहिनी — म्हणून एवढं मणभर शिसं अंगावर घ्यायचं? शाल आणायची घरून.

नणंद — सवय झाली.

वहिनी — कधीपासून?

नणंद — वहिनी, जे विचारायचंय ते सरळ विचारा.

वहिनी — आधी चहा घे. मग विचारते.

नणंद — नको म्हटलं ना!

वहिनी — ओरडू नकोस. उपाशी पोटी ओरडलं की घेरी येते. आणि तुला उपाशी राहायला कुणी सांगितलंय, तेही ठाऊक आहे मला. सकाळी तू आत होतीस तेव्हा इथल्या नंबरवर फोन आला. गोड आवाजाची मुलगी होती. म्हणाली, 'मॅडमना सांगा, आज तीनला यायचं. काही खायचं नाही, चहापाणीसुद्धा नाही. आणि सोबत कुणी असेल तर बरं.'

नणंद — मी मोबाइलचा नंबर दिला होता.

वहिनी — दोन्ही दिले असशील. मोबाइल तू ड्रॉवरमध्ये टाकतेस, मग इथला वाजला. घाईत असलं की हुशार माणसाचंही असं होतं.

नणंद — काय सांगितलंत तुम्ही तिला?

वहिनी — सांगितलं, ती येणार नाही. विचार बदलला तिचा.

नणंद — वहिनी!

वहिनी — 'बरं मॅडम' म्हणाली आणि ठेवला. विचारलंसुद्धा नाही, तुम्ही कोण म्हणून. एवढंच असतं बघ सगळं. आपल्याला वाटतं केवढं मोठं!

नणंद — मी जाणार आहे. जाऊन बाकावर बसेन. दारात आलेल्या बाईला हाकलत नाहीत तिथे.

वहिनी — नाही हाकलत. पण चहा प्यायलेलीला परत पाठवतात. आज नाही, पुन्हा या म्हणतात. म्हणून तर म्हणतेय, घे दोन घोट.

नणंद — तुम्हाला कळलं कधी?

वहिनी — बाथरूमच्या भिंतीतून. तू नळ सोडून ओकायचीस. मीही नळ सोडूनच ओकायचे. आधी मी, मग तू. आई बाहेरून ओरडायच्या, 'टाकी कशी संपते रोज, आत हत्ती धुताय का?' मला पहिल्यांदा वाटलं, माझंच मला ऐकू येतंय. मग माझं थांबलं. तुझं चालूच. मी आपली अंथरुणात पडून ऐकायची. दुसरं काय काम होतं मला?

नणंद — तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. तुम्हाला दिवस गेलेत म्हणून.

वहिनी — तू सांगितलं होतंस?

नणंद — माझं वेगळं. तुमचं काय लपवण्यासारखं होतं?

वहिनी — आई म्हणाल्या होत्या, तिसरा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. घरातसुद्धा नाही. मागच्या दोन वेळी गावभर सांगत सुटले होते ना मी. या वेळी तुझ्या दादाला, आईंना आणि मला, बस. तुला नाही. तू लग्नाची मुलगी, तुझ्यासमोर कशाला.

नणंद — म्हणून तुम्ही गप्प राहून आत जात राहिलात.

वहिनी — तू पाठवलंस म्हणून गेले! आधी कोण जायचं? सांग ना. पोर हातपाय झाडतंय, म्हातारा उभा राहत नाही, त्याला धरायला कोण जायचं आत? तू जायचीस. 'मी धरते वहिनी, तुम्ही बटण दाबा.' त्यासाठी तर डॉक्टरांच्या नकळत मला बटण शिकवलंस. आणि मग एके दिवशी, 'वहिनी, आज तुम्ही धरा हं, माझी पाठ धरलीय.' दुसऱ्या दिवशी पाठ. पुढच्या आठवड्यात पाठ. किती गं बाई ती पाठ! मी आत उभी, अंगावर तो तपकिरी, घड्या घालून घालून जागोजाग चिरलेला. आणि तू काचेच्या मागे, शिशाच्या भिंतीमागे, वरून पुन्हा निळा घालून. नवाकोरा निळा.

नणंद — मला माहीत नव्हतं तुम्हाला दिवस आहेत.

वहिनी — तुझे तुला माहीत होते.

नणंद — एवढ्याशा किरणांनी काही होत नाही वहिनी. मनगटाचा फोटो, पायाचा फोटो, तेही कधीतरी. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं. तुमच्या खाटेपाशी उभी राहून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

वहिनी — काही होत नाही?

नणंद — नाही.

वहिनी — मग तू कशाला लपलीस?

नणंद — माहीत नाही.

वहिनी — मला माहीत आहे ना. ऐक. जी बाई टाकायला निघालीय, ती शिसं पांघरून बसत नाही, वन्सं. तू जपत होतीस. वरून जाणार म्हणून सांगतेस, तीनची वेळ घेतेस, आणि आतून जपतेस. तेही माझा जीव पुढे करून.

नणंद — चटका बसला की हात मागे येतो. तसे पाय मागे आले माझे. विचारून नाही आले. म्हणून मला हवंय, असं होत नाही.

वहिनी — तसंच होतं.

नणंद — आणि दारावरची पाटी कोण पुसतं रोज?

वहिनी — कुठली पाटी?

नणंद — या खोलीच्या दारावरची. 'गरोदर असल्यास आधी सांगा.' लाल अक्षरं आहेत, वीतभर मोठी. रोज सकाळी ओल्या फडक्याने तुम्ही पुसता ती. पन्नाशीची बाई आली तरी सोडत नाही तुम्ही, 'दिवस वगैरे नाहीत ना हो?' एकदा त्या हवालदारीण बाई केवढ्या भडकल्या होत्या. आणि स्वतः पोट घेऊन आत जाऊन उभ्या! मी पाठवलं म्हणे. तुम्हाला तोंड नव्हतं? 'नाही जात' एवढं म्हणायचं होतं.

वहिनी — म्हटलं असतं तर तुला कळलं असतं.

नणंद — कळलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?

वहिनी — तू नको बोलूस. तुला काय ठाऊक? दोनदा सांगून बसले मी. आधी बायका पोटाकडे बघून हसतात, मग मान वळवतात. मग पोटाकडे कुणी बघतच नाही, चहा द्यायलासुद्धा पुढे करत नाहीत बारशाच्या घरात. ते तुला माहीत नाही. तुझं बघ, कुणी मागितलं नव्हतं, चोरून आलं, आणि कसं घट्ट बसलंय.

नणंद — वहिनी, तुमचं गेलं त्याचं मला फार वाईट वाटलं. खोटं नाही सांगत. त्या दिवशी चादर मी धुतली. आईला हात लावू दिला नाही, दादाला बघू दिली नाही. मोरीत बसून मी धुतली.

वहिनी — धुतलीस. आणि धुताना काय आलं मनात?

नणंद — काही नाही.

वहिनी — खरं सांग. माझ्या गळ्याची शपथ.

नणंद — आलं, माझं का नाही गेलं.

वहिनी — बघ.

नणंद — तुम्ही शपथ घातलीत म्हणून सांगितलं.

वहिनी — बरं झालं सांगितलंस. आता मला बोलायला सोपं जाईल. भांडायला नाही बसले मी. झालं ते झालं. मी मार्ग काढलाय.

नणंद — कसला मार्ग?

वहिनी — ते मला दे.

नणंद — काय?

वहिनी — अशी डोळे फाडून बघू नकोस. तुला नकोय, मला हवंय. तुझ्या हातून माझं गेलं म्हण, नको म्हणूस, पण घरात एक यायचं होतं ते येऊ दे. बाहेर कुणाला कळलेलं नाही माझं गेलंय म्हणून. शेजारच्यांना वाटतं मला कावीळ झालीय. मी हळूहळू पोटाला बांधायला लागेन. तू मावशीकडे जा. तिचं घर गावाबाहेर, मागे बाग, चिटपाखरू येत नाही. तिथेच होऊ दे. आणि मग मी येते, घेऊन जाते.

नणंद — मावशीला तुम्ही विचारलंत?

वहिनी — आईंनी विचारलं. बहीण ना त्यांची.

नणंद — आईला माहीत आहे?

वहिनी — परवा तू गच्चीवर कपडे काढायला गेलीस, तेव्हा बसलो आम्ही तिघं. मी सगळं नीट सांगितलं त्यांना. तुझा मान राखून सांगितलं.

नणंद — आई काय म्हणाली?

वहिनी — आधी रडल्या. कपाळ बडवून घेतलं. मग पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, घरातलं घरातच राहतंय, त्यात वाईट काय?

नणंद — असं म्हणाली?

वहिनी — आणखी म्हणाल्या, रंग आपल्यावरच जाईल.

नणंद — दादा?

वहिनी — तो? तुला माहीत आहे तो कसा आहे. रात्री जेवून उठताना म्हणाला, वरच्या खोलीला रंग काढून घेऊ.

नणंद — मी कपडे घेऊन खाली आले. तुम्ही सगळे टीव्ही बघत होतात. आईने मला विचारलं, टॉवेल वाळले का.

वहिनी — मग काय विचारणार? तू लपवलंस, म्हणून त्यांनीही दाखवलं नाही.

नणंद — त्याचं नाव नाही विचारलं कुणी?

वहिनी — त्याला काय करायचंय मध्ये आणून? मला कळलंय कोण ते. मशीन दुरुस्तीला यायचा तो. महिन्यात तीनदा बिघडायला लागलं मशीन, तेव्हाच मी म्हटलं होतं, हे मशीनचं दुखणं नाही. बदली झाली ना त्याची? झाली ते बरं झालं. तो मध्ये नाही म्हणून तर सगळं सोपं आहे.

नणंद — आणि मी कोण त्याची?

वहिनी — कुणाची?

नणंद — जे होईल त्याची.

वहिनी — आत्या! लाडकी आत्या. पहिलं तुझ्याच मांडीवर देईन.

नणंद — त्याच घरात? त्याच भिंतीपलीकडे?

वहिनी — मग कुठे जाणारेस? पुढेमागे लग्न होईल तुझं, तेव्हा जाशील.

नणंद — आणि ते रडलं तर?

वहिनी — मी उठेन. तू नाही उठायचं. ते आधीच सांगून ठेवते.

नणंद — मला दूध आलं तर?

वहिनी — गोळ्या असतात त्याच्या. मला विचारतेस? मागच्या खेपेला मीही घेतल्यात.

नणंद — वहिनी, तुम्ही ऐकताय का तुमचं तुम्हाला?

वहिनी — अगदी नीट ऐकतेय. डॉक्टरांनाही सांगून ठेवलंय, ती कोर्सला चाललीय बाहेरगावी, तोवर दुसरी मुलगी बघा. ते म्हणाले, जाऊ दे, शिकू दे. किती चांगला माणूस आहे.

नणंद — माझी नोकरीसुद्धा देऊन टाकलीत.

वहिनी — परत मिळेल. तुझ्यासारखं काम कोण करतं इथे?

नणंद — मला नकोय ते. कुणासाठीच नकोय. मला द्यायचं नाहीये आणि ठेवायचं नाहीये. ते व्हायलाच नकोय मला. जन्मभर जेवायच्या टेबलाशी समोर बसवून त्याच्याकडून आत्या म्हणवून घ्यायचं, आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहणार, हिचा चेहरा बदलतोय का म्हणून. मी नाही जगू शकत तसं. तुम्ही मला जगू देणार नाही.

वहिनी — मी नऊ वर्षं तुमच्या घरात जगले तशीच. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही मेले.

नणंद — तुमच्यावर अन्याय झाला म्हणून तो मला द्यायचा?

वहिनी — द्यायचा. हो. माझ्याकडे दुसरं काय आहे तुला द्यायला? ऋण आहे तुझ्यावर. तू पाठवलंस मला आत. रोज झोपताना हेच येतं डोळ्यांसमोर, मी त्या पोराला धरलंय, ते किंचाळतंय, आणि काचेमागे तू. निळी. तू बटण दाबलंस. तुझ्या बोटाने गेलं माझं.

नणंद — नका म्हणू असं.

वहिनी — तुझ्या बोटाने गेलं. भरून दे.

आजी — अहो, कुणी आहे का आत? सुनेने दारात सोडलं आणि गाडी लावायला गेली, ती गेलीच. गाडी लावतेय की विकतेय कोण जाणे.

वहिनी — या, या आजी. बसा इथे. काय झालं?

आजी — पडले. स्टुलावर चढले होते, पंखा पुसायला. सून म्हणाली होती, चढू नका. म्हणून चढले. हे मनगट बघा, कसं टम्म फुगलंय. आमच्या डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितलाय. ही चिठ्ठी.

नणंद — द्या. डाव्या हाताचा आहे. तो खाली ठेवता येईल ना टेबलावर? सरळ, असा?

आजी — ठेवीन गं, पण तो राहायला हवा ना ठेवल्या जागी. माझे हात थरथरतात. पडल्यामुळे नाही, आधीपासून. कप हातात घेतला की बशी वाजायला लागते. नातू म्हणतो, आजी आली, घंटा वाजली.

नणंद — मग धरायला लागेल कुणीतरी.

वहिनी — सुनेला येऊ द्या त्यांच्या.

आजी — ती कसली धरतेय? तिला या मशीनची भीती. मुलं व्हायची आहेत म्हणते अजून. चाळिशीला आली, तरी व्हायची आहेतच.

वहिनी — मी धरते मग. तपकिरी घालते आणि—

नणंद — तुम्ही नाही. मी धरते. तुम्ही बटणावर जा.

वहिनी — मला नाही दाबायचं.

नणंद — शिकवलंय तुम्हाला. सगळं लावून देते, फक्त दाबायचं आहे. आजी, या आत. इथे पायरी आहे, सांभाळून. खुर्चीवर बसा. थंड लागेल थोडं टेबल.

आजी — थंड चांगलं. आग होतेय नुसती.

वहिनी — थांब. निळा घाल.

नणंद — नको.

वहिनी — हा घे, मी आणलाय. घाल म्हणते.

नणंद — नको म्हटलं ना. आजींच्या मांडीवर टाका तो. आजी, जड आहे हं.

आजी — अगं बाई, किती जड! पोर मांडीवर घेतल्यासारखं वाटतंय.

वहिनी — तू अशी उभी राहणार? नुसती?

नणंद — त्याने काय होतं?

वहिनी — परक्या माणसासमोर तमाशा नकोय मला.

नणंद — तमाशा कसला? साधं विचारतेय. होतं का काही? तुम्ही म्हणता माझ्या बोटाने तुमचं गेलं. मग आता तुमचं बोट आहे बटणावर, आणि मी इथे आहे. एवढ्याने जर जात असेल, तर दाबू नका. मी बाहेर येते, तो चहा पिते, मावशीकडे जाते, तुम्ही म्हणाल ते. आत्या होते. आणि जात नसेल, तर दाबा.

आजी — काय गेलं गं तुमचं? चोरी झाली का?

नणंद — नाही आजी.

आजी — कोण तुम्ही एकमेकींच्या?

नणंद — नणंद-भावजय.

आजी — आणि एका जागी नोकरी करता? धन्य आहे. मी आणि माझी नणंद एका देवळात नव्हतो जात.

नणंद — आता बोलू नका आजी. बोटं सरळ. मी धरलंय. दुखत नाही, काही कळतसुद्धा नाही. वहिनी, काय ते करा. आजींचा हात दुखतोय.

(मशीनचा बारीक आवाज.)

आजी — झालं? खरंच की, कळलंसुद्धा नाही.

नणंद — दाबलंत.

वहिनी — तूच म्हणालीस.

नणंद — जरासुद्धा थांबला नाहीत. मला वाटलं होतं थांबाल. माझं बोलणं संपलं, आणि दाबलंत.

वहिनी — म्हातारं माणूस ताटकळलंय तिथे. किती वेळ थांबायचं?

नणंद — म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. की त्याने काही झालं नाही.

वहिनी — डॉक्टरीणबाई आधी माझ्याशीच बोलल्या होत्या. तू विचारायच्या आधी. मागच्या दोन्ही वेळी कुठे होतं मशीन, म्हणाल्या.

नणंद — तरी मला म्हणालात. तुझ्या बोटाने गेलं म्हणालात. इतके दिवस मी चादर डोळ्यांसमोर घेऊन झोपतेय.

वहिनी — मग दुसरं काय होतं माझ्या हातात, तुला धरून ठेवायला? सांग. माझ्याकडे होतं काय? गोड बोलून दिलं असतंस?

आजी — अगं, भांडा हवं तेवढं, पण माझा हात काढू का मी? मुंग्या आल्यात.

नणंद — काढा आजी. झालं.

वहिनी — नाही झालं. थांब तिथेच. फोटो हललाय. परत काढायला लागेल.

नणंद — आजी, तुम्ही हललात का?

आजी — मी? छे! ही घट्ट धरून होती, मी हलतेय कशी? हीच हलली. एकदम मागे झाली बघा, विंचू दिसल्यासारखी. मला ओढलंन्.

वहिनी — दिसतंय इथे पडद्यावर. कडेला तुझी बोटं आली आहेत, फराटा मारल्यासारखी. हाड दिसत नाहीये त्यांच्यामुळे. मी म्हटलं नव्हतं? तू म्हणालीस काही होत नाही. पुस्तकं वाचलेली तू. आणि मागे झालीस.

नणंद — हो. झाले.

वहिनी — मग?

नणंद — मग काय?

वहिनी — अजूनही जाणार आहेस?

नणंद — मागे झाले वहिनी. त्या वेळीही झाले, आत्ताही झाले. परत विचारलंत तर परत सांगेन, झाले. पण तीनला जाणार. आता पुन्हा हलणार नाही.

वहिनी — अगं, ऐक माझं—

नणंद — आजी, हात द्या. असा, सरळ. वहिनी, दाबा. आणि या गेल्या की तो चहा ओतून टाका.